घरगाडीच्या चाकांतील हवा

गाडीचे ओझे कोण वाहते, असा प्रश्न केला तर बहुतेकजण ‘चाके’ असे उत्तर देतील. थोडा अधिक विचार करणारा ‘चाकांवरील टायर’ असे म्हणेल. परंतु हवा भरलेल्या टायरच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. टायरचे रबर आणि त्यात विणलेले धागे व तारा हे मुख्यतः पिशवीचे काम करतात. त्या पिशवीत कोंडलेली हवा बाहेर पडू पाहते, भिंतींना आतून ताणून धरते, आणि त्या ताणाच्या बळावर गाडीचा भार तोलला जातो. हवा काढून घेतली की तोच मजबूत टायर चिंधीसारखा चाकाखाली लोळू लागतो. सायकलची ट्यूब पंक्चर झाल्यावर हा अनुभव आपणां सर्वांस आलेला असतो.

हवेवर ओझे तोलण्याची ही युक्ती फार जुनी नाही. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली हवेच्या टायरचे पेटंट मिळविले. पण त्या काळी तिला म्हणावी तशी मागणी नव्हती व ती मागे पडली. पुढे बेलफास्ट शहरी राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलचे धक्के कमी व्हावेत म्हणून रबरी नळीत हवा भरून ती चाकांवर बसविली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. सायकलीनंतर मोटारीने आणि मोटारीनंतर मालाच्या गाड्यांनी हा टायर उचलला.

टायरमधील हवा किती असावी, हे ‘दाब’ या मापाने सांगतात. पेट्रोल पंपावर हवा भरणारा मनुष्य ‘तीस टाकू का?’ असे विचारतो, तेव्हा त्याचा अर्थ दर चौरस इंचास तीस पौंड दाब, असा असतो. आता एक साधा हिशेब करून पाहू. एका चाकावर १,६५० पौंड भार आहे आणि टायरमध्ये ६५ पौंड दाब आहे, असे समजा. भाराला दाबाने भागले तर सुमारे २५ येतात. म्हणजे जमिनीला टेकलेला टायरचा भाग स्थूलमानाने २५ चौरस इंच, पाच इंच लांब व पाच इंच रुंद अशा चौकोनाएवढा असणार. दाब ३० पौंडांवर आला तर तेवढ्याच भारासाठी ५५ चौरस इंच जागा लागेल. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलत असल्यामुळे हे आकडे काटेकोर नव्हेत. पण मर्म त्यांवरून ध्यानात येते. दाब कमी झाला की टायर अधिक पसरतो, आणि पसरण्यासाठी त्याला अधिक वाकावे लागते. हे वाकणे फार घातक असते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आम्ही अमेरिकेतील एका विशिष्ट वाहनाचे उदाहरण घेणार आहोत.

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ या नावाने ओळखले जाणारे वाहन म्हणजे चाकांवरील लहानसे घर. तीत निजण्याच्या जागा, स्वयंपाकाची शेगडी, शीतकपाट, स्नानगृह व पाण्याची टाकी अशी सर्व सोय असते. या गाडीला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीच्या किंवा पिकअप गाडीच्या मागे जोडून ती ओढून न्यावी लागते. आपण तिला घरगाडी म्हणू. सुट्टीत अनेक कुटुंबे अशी गाडी जोडून शेकडो मैलांच्या प्रवासास निघतात. आपल्या मराठी कुटुंबांतील अनेकजण तिकडे स्थायिक झाले असल्याने असा प्रवास आता आपल्या घरांतील पत्रांचा व गप्पांचाही विषय होऊ लागला आहे.

या घरगाडीच्या टायरांवर एक विशेष संकट असते. मोटारीच्या टायरमधील हवा कमी झाली तर चालकाला सुकाणू जड लागते, गाडी एका बाजूस ओढते, धक्के निराळे बसतात. घरगाडी मात्र त्याच्या पाठीमागे असते. तिचे एखादे चाक मऊ पडले तरी त्याची वार्ता पुढे पोहोचत नाही. पुष्कळदा टायर फुटून त्याच्या चिंध्या उडू लागल्यावरच आरशातून काय ते दिसते. दोन आसांच्या गाडीत एका बाजूचे एक चाक गेले की त्याच बाजूच्या दुसऱ्या चाकावर दुप्पट भार येतो आणि थोड्याच अंतरात तेही निकामी होण्याची भीती असते. उडणाऱ्या तुकड्यांनी गाडीचा तळ फाटतो, गॅसच्या नळ्या तुटू शकतात. आणि गाडी हेलकावे खाऊ लागली तर पुढच्या मोटारीलाही ती आपल्याबरोबर रस्त्याबाहेर खेचू शकते. तेव्हा दाबाचा प्रश्न टायरच्या किंमतीपुरता नसून गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाचा आहे.

टायर फुटण्याचे मूळ बहुधा उष्णतेत असते. लोखंडाची तार हाताने पुन्हा पुन्हा वाकविली तर ती वाकलेल्या जागी गरम होते व शेवटी तुटते, हा प्रयोग कोणीही करून पाहावा. टायरचा प्रत्येक भाग चाकाच्या दर फेऱ्यात एकदा जमिनीवर दाबला जातो व पुन्हा सरळ होतो. ताशी साठ मैलांच्या वेगाने हे मिनिटाला सातशेहून अधिक वेळा घडते. रबर दाबताना खर्ची पडलेली सारी शक्ती ते सरळ होताना परत देत नाही. काही शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते. हवा कमी, ओझे जास्त, वेग अधिक आणि दिवस उन्हाळ्याचा, अशा चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे ही उष्णता बाहेर जाण्यापेक्षा वेगाने साठू लागते. रबर व आतील पोलादी तारांचे पट्टे यांचा सांधा सैल होतो आणि एका क्षणी वरचा पट्टा सोलून निघतो. बाहेरून पाहणाऱ्याला टायर ‘अचानक’ फुटल्यासारखा वाटतो. वास्तविक त्याची तयारी कित्येक मैल आधीपासून चाललेली असते.

तर मग योग्य दाब कसा ठरवावा? पहिली पायरी वजनाची आहे. रिकाम्या गाडीचे वजन कागदावर लिहिलेले असते, पण प्रवासाला निघणारी गाडी रिकामी नसते. भांडी, अंथरुणे, अन्नधान्य, खुर्च्या असे करता करता सामान वाढते. पाण्याचेच पाहा: अमेरिकन गॅलनभर पाणी सुमारे ८.३४ पौंड भरते. म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड, दीडशे किलोंहून अधिक ओझे चढले. म्हणून जाणते प्रवासी सर्व सामान भरून, टाकी भरून, मोटार जोडलेल्या स्थितीतच गाडी वजनकाट्यावर नेतात. तेथील महामार्गांवर मालट्रकांच्या मोठ्या तळांशी असे काटे असतात व त्यांवर प्रत्येक आसाचा भार वेगळा कळतो.

दुसरी पायरी वाटणीची. समजा, भरलेली घरगाडी ७,५०० पौंडांची आहे. हे सगळे ओझे तिच्या चाकांवर येत नाही. बैलगाडीचा काही भार जसा जुवावर येतो, तसा घरगाडीच्या दांडीचा काही भार मोटारीच्या पाठीवर येतो. हा भार एकूण वजनाच्या शेकडा १० ते १५ असावा, असा संकेत आहे. तो फार कमी असेल तर गाडी उलार होते. उलार गाडी बैलांना किती त्रास देते, हे शेतकऱ्याच्या घरातील मुलांस सांगावयास नको. वेगाने धावणारी उलार घरगाडी मागच्या मागे झोके खाऊ लागते व आवरत नाही. आपल्या उदाहरणात शेकडा १२ धरले तर ९०० पौंड मोटारीवर गेले व ६,६०० पौंड घरगाडीच्या चार चाकांवर राहिले. सरासरी दर चाकास १,६५० पौंड. पण सरासरीवर विसंबून चालत नाही. शीतकपाट, शेगडी व टाकी एकाच बाजूला असतील तर त्या बाजूच्या चाकावर १,८५० पौंड येणेही शक्य आहे. दाब ठरवावयाचा तो सर्वांत जास्त भार सोसणाऱ्या चाकावरून. आणि एका आसावरील दोन्ही टायरांत तो सारखाच ठेवावयाचा.

तिसरी पायरी तक्त्याची. घरगाड्यांसाठी खास बांधलेल्या टायरांवर ‘एसटी’ ही अक्षरे असतात. आपल्याकडील बसगाड्यांशी त्यांचा संबंध नाही. ‘स्पेशल ट्रेलर’ या शब्दांची ती आद्याक्षरे होत. ‘एसटी २२५/७५ आर १५’ हा एक प्रचलित आकार घेऊ. त्याच आकाराचे टायर निरनिराळ्या मजबुतीचे मिळतात. ‘सी’ श्रेणीचा टायर ५० पौंड दाबावर २,१५० पौंड, ‘डी’ श्रेणीचा ६५ पौंड दाबावर २,५४० पौंड आणि ‘ई’ श्रेणीचा ८० पौंड दाबावर २,८३० पौंड भार उचलू शकतो. हे आकडे लक्षपूर्वक पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते: टायरच्या अंगावर लिहिलेली भारक्षमता तिच्याबरोबर लिहिलेल्या दाबापुरतीच खरी असते. ८० पौंडांचा ‘ई’ टायर आणून त्यात ५० पौंडच हवा भरली, तर त्याची वाहण्याची शक्ती ‘सी’ टायरएवढीच, म्हणजे २,१५० पौंड राहते. जास्त पैसे देऊन जाड टायर घेतला, पण हवा जुनीच ठेवली, तर भारक्षमतेच्या दृष्टीने पदरात काहीच पडत नाही. उलट दाब वाढवावयाचा झाल्यास लोखंडी चाक व हवा भरण्याची झडप हीही तेवढ्या दाबास पुरी पडणारी आहेत की नाही, हे पाहावे लागते.

आमच्या उदाहरणातील १,८५० पौंडांच्या चाकाला तक्त्याप्रमाणे ५० पौंड दाब पुरेल, असे कोणी म्हणेल. हिशेबाने ते चूक नाही. तरीही गाडीवर लावलेल्या फलकावर ६५ लिहिले असेल तर ६५ पौंडच भरावेत. हा फलक घरगाडीच्या बाहेरच्या अंगास, डाव्या बाजूला पुढील भागी असतो, आणि त्यावर टायरचा आकार व दाब दोन्ही दिलेले असतात. फलकावरील दाबाच्या खाली जाऊ नये व टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नये, ही मर्यादा होय. घरगाडीच्या बाबतीत हे दोन आकडे बहुधा एकच असतात.

तक्त्यापेक्षा असा अधिक दाब ठेवण्याला चांगले कारण आहे. घरगाडीची चाके मोटारीच्या पुढच्या चाकांप्रमाणे वळत नाहीत. दोन आसांची गाडी आखूड वळण घेते तेव्हा तिची चाके रस्त्यावरून आडवी घासत जातात आणि टायरच्या आतील थरांना पिळा बसतो. पुरेसा दाब असलेला टायर हा पीळ कमी खातो. शिवाय एखाद्या टायरमधून हळूहळू हवा जात असेल, तर वरचा शिल्लक दाब संकटकाळी उपयोगी पडतो. याचा अर्थ, वाटेल तितकी हवा कोंबावी असा मात्र नव्हे. अति तेथे माती. कमाल मर्यादेपलीकडे फुगविलेला टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, मधेच झिजतो, खड्ड्याच्या आघाताने लवकर इजा पावतो, आणि घरातील कपाटे व भांडी खिळखिळी करून टाकतो.

चौथी पायरी वेळेची. आणि येथे शाळेतील पदार्थविज्ञान कामास येते. टायरवरील व फलकावरील सर्व आकडे ‘थंड’ टायरचे असतात. गाडी निदान तीन तास उभी असावी व टायरवर ऊन पडलेले नसावे, म्हणजे तो थंड समजावा. वायूचे आकारमान कायम ठेवून तो तापविला तर त्याचा दाब निरपेक्ष तपमानाच्या प्रमाणात वाढतो, हा नियम आपण शिकतो. तो येथे लावू. सकाळी १५ अंश सेल्सियस तपमानात ६५ पौंड दाब भरला. दाबमापक वातावरणाचा १४.७ पौंड दाब सोडून आकडा दाखवितो, म्हणून आतला एकूण दाब ७९.७ पौंड. दुपारी धावून टायरमधील हवा ५० अंशांवर गेली. निरपेक्ष तपमान २८८ चे ३२३ झाले. त्या प्रमाणात एकूण दाब सुमारे ८९.४ पौंड होतो आणि दाबमापकावर ७५ च्या आसपास आकडा दिसतो.

हा आकडा पाहून काही चालक घाबरतात व ‘जास्तीची’ हवा सोडून देऊन पुन्हा ६५ करतात. याचा परिणाम काय होतो, तेही त्याच नियमाने काढता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर पुन्हा १५ अंशांवर आला की दाबमापक अवघे ५६ पौंड दाखवील. म्हणजे हवे होते त्याहून ९ पौंड कमी हवेवर त्या दिवसाचा प्रवास सुरू होणार, टायर अधिक वाकणार, अधिक तापणार. आणि दुपारी चालक पुन्हा हवा सोडणार! तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब टायर बनविणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरलेला असतो. म्हणून गरम टायरमधील हवा कधीही सोडू नये. थंड प्रदेशात शिरल्यावर मात्र दाब आपोआप उतरतो. तेव्हा ऋतू किंवा प्रदेश बदलला की सकाळी निघण्यापूर्वी तो नव्याने मोजून पुरा करणे अगत्याचे आहे.

ओढणाऱ्या मोटारीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. दांडीचा ९०० पौंड भार मोटारीच्या मागच्या आसापासून ५० इंच मागे टेकला आहे आणि मोटारीच्या दोन आसांत १३० इंच अंतर आहे, असे समजा. तरफेच्या नियमाने मागच्या आसावर ९०० नव्हे, तर सुमारे १,२४६ पौंड भार वाढतो, आणि पुढच्या आसावरील ३४६ पौंड भार उचलला जातो. मागचे टायर दबतात व सुकाणूची पुढची चाके हलकी होतात. याकरिता भार पुढे-मागे वाटून देणारी खास जोडणी वापरतात, आणि घरगाडी ओढताना मागच्या चाकांत किती हवा असावी याची जी सूचना मोटारीच्या माहितीपुस्तकात किंवा दारालगतच्या फलकावर असते, ती पाळतात. मोटारीच्या टायरचा आकडा घरगाडीला किंवा घरगाडीचा मोटारीला लावणे, हे मात्र कटाक्षाने टाळावे.

थोड्या पौंडांच्या फरकाने काय होणार, असे ज्यांस वाटते त्यांनी अमेरिकेतील एक प्रकरण ध्यानी घ्यावे. १९९० नंतरच्या दशकात तेथे फोर्ड कंपनीच्या ‘एक्स्प्लोरर’ गाड्यांवरील फायरस्टोन टायरांचा पट्टा धावताना सुटून गाड्या उलटल्याचे अनेक अपघात झाले. दोनशेहून अधिक माणसे त्यांत दगावली. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लक्ष टायर परत मागविण्यात आले. त्या गाडीसाठी मोटार कंपनीने २६ पौंड दाब सांगितला होता, तर टायर कंपनीचे म्हणणे ३० असावा असे पडले. टायरच्या बांधणीत दोष होता, असा सरकारी चौकशीचा निष्कर्ष निघाला. पण अपघात उष्ण प्रदेशांत अधिक झाले होते, आणि कमी हवा, जास्त भार व वेग यांनी असा दोष बळावतो, हेही सर्वांस कळून चुकले. त्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा केला. त्यानुसार २००८ सालच्या नमुन्यापासून सर्व नव्या हलक्या मोटारींत दाब उतरताच सूचना देणारे यंत्र सक्तीचे झाले. तथापि एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. हा दिवा दाब शेकडा २५ ने उतरल्यावर लागला तरी नियमाची पूर्तता होते. आणि ओढल्या जाणाऱ्या घरगाडीला तो नियम लागू करण्यात आला नव्हता. म्हणून दिवा असो वा नसो, हाती धरण्याचा साधा दाबमापक हाच खरा सोबती होय. नव्या पद्धतीचे टायर पुरेशी हवा असतानाही बाजूंनी किंचित फुगलेले दिसतात. त्यामुळे नजरेने पाहून, अंगठ्याने दाबून किंवा लाथ मारून दाब कळत नाही.

दाब बरोबर असला तरी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक वेग: ज्या एसटी टायरांवर वेगाचे निराळे चिन्ह नसते, ते ताशी ६५ मैलांपर्यंतच चालवावयाचे असतात, कॅलिफोर्निया राज्यात तर मागे गाडी जोडलेल्या वाहनास कायद्याने ५५ मैलांचीच मर्यादा आहे. दुसरी वय: घरगाडी वर्षाचे बरेच दिवस उभी असते, त्यामुळे टायरची नक्षी झिजत नाही, पण रबर म्हातारे होते. टायरवरील शेवटचे चार अंक जन्मपत्रिकेचे काम करतात. २३१८ असे असेल तर तो २०१८ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे.

ही सर्व माहिती दूरदेशीच्या वाहनाची असली तरी तिच्यातील नियम आपल्या दारातही तितकाच खरा आहे. उसाच्या हंगामात आपल्या बेळगाव भागातील रस्त्यांवरून ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्या जातात, टायरच्या बैलगाड्या जातात. त्यांचेही ओझे हवाच वाहते, आणि मागच्या ट्रॉलीचे चाक मऊ पडल्याचे ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला तेथेही लवकर कळत नाही. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर, मोटार किंवा निदान स्कूटर आहे, अशा विद्यार्थ्यांनी दाबमापक हाती घ्यावा, गाडीवरील किंवा माहितीपुस्तकातील आकडा शोधावा, आणि सकाळी गाडी थंड असताना दोन्ही ताडून पाहावेत, अशी आमची त्यांस सूचना आहे. वडीलमंडळींनी हे काम मुलांवर सोपविण्यास मुळीच हरकत नाही. पाच मिनिटांचे ते काम आहे, आणि घरातून बाहेर पडलेली माणसे सुखरूप परत येण्याला त्याचा हातभार लागतो.